नानावटी, ज्यूरी आणि लोकमताचा इन्साफ

खुनाचा एखादा खटला गाजू लागला, म्हणजे न्यायालयात पहिल्या साक्षीदाराची सरतपासणी अजून सुरूही झालेली नसताना गावोगावच्या ओट्यांवर, लोकलच्या डब्यांत आणि हल्ली दूरचित्रवाणीच्या पडद्यावर त्याचा निकाल लागून जातो, आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी खरा निकाल त्याहून निराळा लागला की न्याय विकला गेला अशी हाकाटी करायला तीच मंडळी मोकळी असतात, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. त्याची चर्चा निघाली की कोणी ना कोणी नानावटी खटल्याचे नाव घेतोच, आणि घेताना एक ठरीव सिद्धांतही सोबत आणतो: सामान्य माणसांच्या हाती न्यायाचा काटा दिला तर ती भावनेच्या भरात वाहवतात, नानावटींच्या ज्यूरीने ते सिद्ध केले, म्हणून सरकारने ज्यूरीच मोडीत काढली. हा सिद्धांत इतक्या वेळा उगाळला गेला आहे की तो तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २४ नोव्हेंबर १९६१ चा निकाल जो कोणी शांतपणे वाचील, त्याला मात्र दोषाची ही वाटणी चुकलेली आढळेल.

हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांना त्यांच्या पत्नी सिल्व्हिया यांच्याच तोंडून कळले की, प्रेम अहुजा या कुटुंबाच्या परिचयातील गृहस्थाशी त्यांचे संबंध जुळले आहेत. नानावटींनी पत्नीला आणि मुलांना मेट्रो चित्रपटगृहापाशी सोडले. तेथून ते आपल्या युद्धनौकेवर गेले. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जावयाचे आहे, अशी सबब सांगून त्यांनी एक रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे ताब्यात घेतली आणि ती एका तपकिरी लिफाफ्यात घालून आधी अहुजांच्या कचेरीत व तेथे ते न भेटल्यामुळे त्यांच्या राहत्या घरी धाव घेतली. शयनगृहाचे दार मागे लोटले गेले, काही क्षणांत गोळ्यांचे आवाज झाले, आणि नुकतेच स्नान करून टॉवेल गुंडाळून बाहेर आलेले अहुजा न्हाणीघरात गतप्राण होऊन पडले. नानावटी बाहेर पडले, इमारतीच्या पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलले, नौदलातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याला भेटले आणि त्याच्या सल्ल्यावरून पोलिसांचे डेप्युटी कमिशनर लोबो यांच्यापुढे हजर झाले.

एवढ्या सामग्रीवर मुंबई शहराने जे रान उठवले त्याचे वर्णन अनेकांनी केलेले आहे. रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने आरोपीची बाजू उघडपणे उचलून धरली आणि पुढे दयेचा अर्जही आपल्या पानांवर छापला. पंचवीस पैशांचा अंक दोन दोन रुपयांना विकला गेला, असे सांगतात. फेरीवाल्यांनी 'अहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' यांची खेळणी विकायला काढली. पारशी समाजाने कावसजी जहांगीर सभागृहात सभा भरवली. अहुजांच्या बाजूने सिंधी समाज उभा राहिला. आणि अहुजांच्या भगिनीच्या वतीने खटल्यावर नजर ठेवण्यासाठी नेमलेला राम जेठमलानी नावाचा तरुण वकील याच प्रकरणातून सर्वतोमुखी झाला. गणवेषातला उमदा, कर्तव्यतत्पर अधिकारी एका बाजूला आणि ऐषआरामी, अविवाहित व्यापारी दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी होती. नाटकासाठी यापेक्षा सोयीची मांडणी कोणती असणार? पुढे ती नाटकाने आणि चित्रपटानेही उचललीच: मधुसूदन कालेलकरांच्या 'अपराध मीच केला'पासून सुनील दत्त व लीला नायडू यांच्या १९६३ च्या 'ये रास्ते हैं प्यार के'पर्यंत.

परंतु या साऱ्या कोलाहलात एक विलक्षण गोष्ट घडली होती, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. फसवल्या गेलेल्या पतीने संतापाच्या भरात बंदूक उचलली तर त्यात त्याचे काय चुकले, या प्रश्नावर लोक वाद घालीत होते. आणि न्यायालयात आरोपी सांगत होता की मी बंदूक झाडलीच नाही. कार्ल खंडालावाला यांनी चालवलेला बचाव मुख्यतः अपघाताचा होता. सिल्व्हियांशी विवाह करून मुलांचा सांभाळ करशील काय, असे आपण विचारले, अहुजांनी उद्दाम उत्तर दिले, त्यांनी लिफाफ्याकडे झेप घेतली, झटापट झाली आणि त्या झटापटीत गोळ्या आपोआप सुटल्या, असे नानावटींचे म्हणणे होते. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा मुद्दा वरच्या न्यायालयात पर्यायी म्हणून मांडला गेला खरा. पण मूळ कैफियत ती नव्हती. ज्या माणसाला लोक शूर पती म्हणून खांद्यावर घेऊन नाचत होते, तो स्वतः त्या शौर्याचा इन्कार करीत होता, आणि तरीही नाचणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही! लोकचर्चेचा पुराव्याशी किती दूरचा संबंध असतो, याचा याहून बोलका दाखला मला आमच्या न्यायेतिहासात दिसत नाही.

पुरावा मात्र झटापटीच्या कथेला सामील होत नव्हता. रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक गोळीसाठी स्वतंत्रपणे दाबावा लागतो, आणि अहुजांच्या देहावर छातीवर, डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात आणि डोक्याला अशा गोळ्यांच्या जखमा होत्या. अंगावर एकच टॉवेल असलेल्या माणसाशी शस्त्रासाठी झोंबाझोंबी व्हावी आणि तो टॉवेल ढळूही नये, हे कोणालाही पटण्यासारखे नव्हते. बाहेर आल्यावर पहारेकऱ्याला, मग नौदलाच्या अधिकाऱ्याला आणि मग पोलिसांना भेटलेल्या या गृहस्थांनी हे सारे अपघाताने झाले असे एकदाही सांगितले नाही. उलट पोलिसांच्या नोंदीत आपले नाव चुकीचे लिहिले गेले तेव्हा ते दुरुस्त करून देण्याइतके त्यांचे चित्त ठिकाणावर होते, असे पुराव्यात आले. आणि प्रक्षोभाचाच आधार घ्यावयाचा, तर दीड वाजता घर सोडल्यापासून चार वाजून वीस मिनिटांपर्यंत सुमारे तीन तासांचा अवधी गेलेला होता. चित्त आवरायला तो पुरेसा होता, असे न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेल्या निकालपत्राने स्पष्ट ठरवले.

मग नऊजणांच्या ज्यूरीपैकी आठजणांनी 'निर्दोष' असे कसे म्हटले? येथे ठरीव उत्तर असे की, 'ब्लिट्झ' वाचून त्यांची मती भ्रष्ट झाली होती. वाचले नसेल असे मीही म्हणत नाही. मुंबईत त्या दिवसांत तो अंक ज्याच्या हाती पडला नाही, असा साक्षर माणूस शोधावा लागला असता. पण सत्र न्यायाधीश मेहता यांनी हा निर्णय आपणास मुळीच मान्य नाही म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेव्हा तेथील न्यायमूर्ती शेलत व नाईक यांनी आणि त्यांच्या मागोमाग सर्वोच्च न्यायालयाने केवळ ज्यूरीचा नव्हे, तर ज्यूरीला न्यायाधीशाने केलेल्या उपदेशाचाही झाडा घेतला, आणि त्यात गंभीर उणिवा आढळल्या. अपघाताचा अपवाद पुढे करणाऱ्या आरोपीवर तेव्हाच्या पुराव्याच्या कायद्याच्या कलम १०५ खाली तो दाखवण्याचा काही भार होता. तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम ८० मध्ये 'अपघात' म्हणजे केवळ अनपेक्षित घटना नसून, कायदेशीर कृत्य कायदेशीर मार्गाने व योग्य काळजीने करीत असता घडलेली घटना होय. सिल्व्हियांनी अहुजांना लिहिलेल्या पत्रांचा अर्थ काय. यांपैकी काहीही त्या नऊजणांना नीट समजावून सांगितले गेले नव्हते.

हा भार म्हणजे काय, ते जरा विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण आमच्या सुशिक्षित चर्चेतही तो नेहमी उलटा धरला जातो. खून झाला आणि तो आरोपीने बुद्ध्या केला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत असते आणि ती कधीही आरोपीच्या माथी जात नाही. मात्र आरोपी जेव्हा एखाद्या अपवादाच्या आश्रयाला जातो, तेव्हा त्या अपवादाला आधार देणारी परिस्थिती त्याला दाखवावी लागते. ती त्याने निःसंशय सिद्ध करावी असे नाही. त्याच्या पुराव्याने गुन्ह्याच्या एखाद्या घटकाविषयी रास्त संशय उत्पन्न झाला तरी त्याचा लाभ त्यालाच मिळतो. ही सूक्ष्म विभागणी कायद्याच्या विद्यार्थ्यालाही परीक्षेत गोंधळात पाडते. मग आपापला कामधंदा सोडून न्यायालयात येऊन बसलेल्या नऊ गृहस्थांनी ती आपसूक ओळखावी, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची? माझ्या मते त्यांच्या निर्णयाचे खापर त्यांच्या भावनाशीलतेवर फोडणे हा पाऊणशे टक्के अन्याय आहे. उरलेला पाव हिस्सा वृत्तपत्रांच्या खाती मांडावा.

ज्यूरीविषयी मराठी माणसाच्या मनात आणखी एक जुनी स्मृती वसते. १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली दोषी ठरवणारीही मुंबईची नऊजणांची ज्यूरीच होती. सात युरोपियन दोषी म्हणाले आणि दोन पारशी निर्दोष म्हणाले. न्यायमूर्ती दावर यांनी बहुमत मान्य केले, आणि टिळकांनी आपल्या निर्दोषत्वाचा जो उच्चार त्या दालनात केला, तो आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेला आहे. एका ज्यूरीने लोकमताला झिडकारून शिक्षेची वाट मोकळी केली आणि एकावन्न वर्षांनी दुसरीने लोकमताला रुचेल तेच केले. दोन्ही वेळा लोक आरोपीच्याच बाजूने होते, आणि त्यांतली एकच बाजू पुराव्यालाही धरून होती. लोकमत आणि सत्य यांचा कायमचा संबंध बांधून देणारा काही नियम यातून निघतो असे मला वाटत नाही, आणि कोणी काढू पाहील तर त्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

नानावटींमुळे ज्यूरी गेली, ही कथाही तपशिलाला टिकत नाही. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी रद्द करण्याची शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे गोळी सुटण्याच्या आधी, केली होती. आणि काही प्रांतांत ज्यूरी त्यानंतरही चालू राहिली, ती १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने संपली. पारशी विवाहविषयक वादांत तिची एक शाखा अजूनही हयात आहे. एका गाजलेल्या खटल्याने एवढी जुनी संस्था एका दिवसात कोसळली, असे सांगायला गोड वाटते, इतकेच.

या प्रकरणाची पुढची हकीकतही कायद्यापेक्षा राजकारणाच्या अंगाने अधिक जाते. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षेची अंमलबजावणी तहकूब केली. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण असताना असा हुकूम चालणार नाही, असे त्या न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सप्टेंबरमध्ये ठरवले. मधल्या काळात मुंबई राज्याचे विभाजन झाले होते, म्हणून या निकालाच्या शीर्षकात प्रतिपक्ष 'मुंबई राज्य' आहे आणि पुढच्या वर्षीच्या निकालात 'महाराष्ट्र राज्य'. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली, त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही दिली, आणि दोन्ही समाजांचे समाधान झाले. नानावटी सहकुटुंब कॅनडाला गेले आणि तेथेच २००३ मध्ये वारले.

आज ज्यूरी नाही. पण प्रत्येक गाजलेल्या खटल्यात कोट्यवधींची एक अनधिकृत ज्यूरी बसते, आणि त्या ज्यूरीला कलम समजावून सांगणारा, कोणत्या साक्षीला किती वजन द्यावे हे बजावणारा, ऐकीव माहिती बाजूला ठेवा असे म्हणणारा न्यायाधीश कोणीही नेमलेला नाही. आरोपीचा पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य नाही, हे तिला ठाऊक नसते. उलटतपासणी म्हणजे साक्षीदाराचा छळ नव्हे, हेही ठाऊक नसते. आणि फितूर झालेल्या साक्षीदाराची साक्ष संपूर्ण फेकून द्यावी लागत नाही, हे तर पुष्कळ वार्ताहरांनाही ठाऊक नसावे, असे त्यांच्या बातम्यांवरून दिसते. वृत्तवाहिन्यांनी रोज संध्याकाळी आठ माणसे एकमेकांवर ओरडवण्याऐवजी त्या दिवशीच्या साक्षीतून काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, एवढे एखाद्या जाणत्या वकिलाकडून पाच मिनिटे समजावून घेतले, तरी पुष्कळ काम होईल.

नानावटी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आज कोणालाही मोबदल्याशिवाय वाचता येतो, आणि पुढच्या खुनाच्या खटल्यावर मत देण्यापूर्वी वाचकांनी तो एकदा मुळातून वाचावा, अशी माझी विनंती आहे. त्यात टॉवेलचा उल्लेख अवघ्या काही ओळींचा आहे. ज्यूरीला केलेल्या उपदेशातील चुकांना मात्र कित्येक पाने दिलेली आहेत.