पिंजऱ्यातील जटायू आणि आपले ऋण

आमच्या लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेले जनावर टाकले की, थोड्याच वेळात आकाशात घिरट्या सुरू होत. पाहता पाहता पंगत बसे आणि दुपार कलण्यापूर्वी केवळ सांगाडा उरे. ते दृश्य कोणालाच आवडत नसे. पण दुर्गंधी आणि रोगराई यांपासून गावाला मुक्त ठेवणारी ती विनावेतन सेवा होती. आज त्या माळावर गिधाड नाही, भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत.

१९९२ ते २००७ या अवघ्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. भरतपूरच्या अभयारण्यातील ही घसरण मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकातच नोंदवली होती. पण कारण उमगत नव्हते. ते २००४ मध्ये उघड झाले. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते. शंभर मृत जनावरांमागे एखाद्याच्या शरीरात हे औषध असले, तरी एवढ्या संहाराला ते पुरेसे होते.

आपल्याकडे प्राणिसंग्रहालयांविषयी दोन टोकाची मते आढळतात. एकाला प्राणिसंग्रहालय म्हणजे रविवारच्या सहलीचे ठिकाण वाटते, तर दुसऱ्याला तो निव्वळ क्रूर तुरुंग वाटतो. गिधाडांची कथा या दोन्ही मतांना पुन्हा विचार करायला लावणारी आहे.

डायक्लोफेनॅकवर बंदी घाला, एवढे म्हणून भागणार नव्हते. शेतकऱ्याच्या आजारी बैलाला दुसरे औषध हवे होते आणि ते गिधाडाला निर्धोक असल्याची खात्री हवी होती. ही खात्री रानात करता येत नाही. मेलोक्सिकॅम या औषधाच्या चाचण्या प्रथम आफ्रिकेतील व नंतर आपल्या देशातील बंदिवान गिधाडांवर अत्यंत काळजीपूर्वक झाल्या. औषध निर्धोक ठरले आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पिंजऱ्यातील मोजक्या पक्ष्यांनी आकाशातील आपल्या भाऊबंदांसाठी दिलेली ही साक्ष होती.

हरियाणातील पिंजोर येथील केंद्राला ‘जटायू’ हे नाव दिले आहे, ते सर्वार्थाने योग्यच. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. म्हणून पहिले अंडे काढून ते कृत्रिम उबेत वाढवायचे आणि जोडीला दुसरे अंडे घालू द्यायचे, ही पद्धत तेथे यशस्वी झाली. पिंजोरला वाढलेली वीस गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. मुक्त केल्यानंतर ती सगळीच जगली नाहीत. मोकळ्या आकाशात विजेच्या तारांसारखे नवे शत्रू आहेत. पण कोणता पक्षी कोठे गेला, कशाने मेला, हे आता कळते आणि त्यातूनच पुढचे पाऊल टाकता येते.

हे उदाहरण एकटे नाही. हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंग यांच्या पुढाकाराने वन्यजीवांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे २००६ मध्ये कृत्रिम रेतनातून चितळाचे पाडस जन्मले. त्याच शहरातील प्राणिसंग्रहालयात २०१० पासून पिसोरी हरणांची वीण वाढवली गेली आणि पुढे ती अमराबादच्या जंगलात सोडण्यात आली. या कामाला परदेशी प्राण्यांची मिरवणूक लागली नाही. चिकाटी आणि नोंदवह्या मात्र लागल्या.

येथेच आपल्या प्राधान्यक्रमाचा प्रश्न येतो. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये पेंग्विन आले आणि त्यांना पाहण्यासाठी रांगा लागल्या. मुलांचा आनंद कोणी हिरावून घेऊ नये. परंतु प्राणिसंग्रहालयांनी देशाच्या जैवविविधता-संवर्धनाला बळ द्यावे, हेच १९९८ च्या राष्ट्रीय धोरणात त्यांचे मुख्य उद्दिष्ट ठरले आहे. प्रेक्षकसंख्या आणि तिकिटांचे उत्पन्न दरवर्षी जाहीर होते. मग वर्षभरात कोणते संशोधन झाले आणि त्याचा कोणत्या जंगलाला उपयोग झाला, हे का जाहीर होऊ नये? ज्या पिंजऱ्यातून ज्ञान बाहेर पडत नाही, तो खरोखरच तुरुंग होय. त्याचे समर्थन करता येणार नाही.

आणि ज्ञान हाती आल्यावरही आपण किती रेंगाळतो! माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. त्यांच्यावर निर्बंध यायला २०१५ उजाडले. गिधाडांना तितकीच घातक असलेली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही औषधे २०२३ पर्यंत विकली जात होती. या विलंबाची किंमत केवळ पक्ष्यांनी मोजलेली नाही. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. पण एवढे कळते की, पिंजोरचे पक्षी सोडायला आकाश आहे, त्यांना निर्विष अन्न देणे मात्र आपल्या हाती आहे. गावच्या पशुवैद्याने कोणती सुई टोचली, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक गोपालकाला आहे आणि ते कर्तव्यही आहे.

सीतेसाठी पंख गमावलेल्या जटायूचे उत्तरकार्य प्रभू रामचंद्रांनी पुत्राच्या नात्याने केले. आपल्याला त्याचे उत्तरकार्य करायचे नाही; त्याला जगवायचे आहे. ते अजून शक्य आहे, हे पिंजऱ्यातल्या गिधाडांनीच सिद्ध केले आहे.