चोरी कोणाची, झडती कोणाची?

आमच्या वस्तीत दर रविवारी संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर अभ्यासवर्ग भरतो. एरवी तिथे कायद्यावर, शिष्यवृत्तीच्या अर्जांवर बोलणे होते. या पावसाळ्यात मात्र कॉलेजात जाणाऱ्या एका पोराने हट्ट धरला की आपण एक इंग्रजी कादंबरी वाचू. कादंबरीचे नाव 'द मूनस्टोन', लेखक विल्की कॉलिन्स. आमचे एक निवृत्त काका लगेच म्हणाले, "चोरीच्या गोष्टी आम्ही बाबूराव अर्नाळकरांच्या भरपूर वाचल्या. झुंजार, काळा पहाड सगळे पाठ आहेत. त्यातून समाजाला काय मिळणार?" पोरगा म्हणाला, "काका, चार रविवार ऐका, मग बोला."

ही कादंबरी १८६८ साली लंडनमध्ये चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापून आली. त्या काळी इंग्लंडात अशा कादंबऱ्यांची लाटच आली होती. त्यांना सेन्सेशन कादंबऱ्या म्हणत. त्यांतले रहस्य किल्ल्यात नाही की जंगलात नाही, ते अब्रूदार माणसाच्या घरात असते. दडवलेली कागदपत्रे, लपवलेली लग्ने, इस्टेटीसाठी वेड्यांच्या इस्पितळात डांबलेली बायको. पोरगा आठवडाभर इंग्रजीत वाचायचा आणि रविवारी आम्हांला मराठीत सांगायचा. हप्त्यांची गोष्ट हप्त्यांनीच ऐकली, म्हणून कोणी गैरहजर राहिले नाही.

गोष्ट सुरू होते आपल्याच देशात. १७९९ साली इंग्रजांनी श्रीरंगपट्टण घेतले, तेव्हाच्या लुटीत एक इंग्रज अधिकारी रखवालदारांचा खून करून देवाचा हिरा पळवतो. पुढे तो हिरा इंग्लंडातल्या एका मुलीला वाढदिवसाला मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. घरात पोलीस येतात. इथे काकाच म्हणाले, "पहिल्या चोरीला पोलीस आले नाहीत. ती चोरी साहेबाची होती ना!"

संशय जातो रोझॅना नावाच्या मोलकरणीवर. ती पूर्वी चोरीसाठी तुरुंगात जाऊन आलेली, खांद्याने अधू. हिरा तिने घेतलेला नसतो. घरच्या पाहुण्यावर तिचा जीव असतो. त्याच्या झग्याला दाराच्या ओल्या रंगाचा डाग लागलेला तिला सापडतो आणि त्याला वाचवण्यासाठी ती तो झगा दडवते. शेवटी समुद्राकाठच्या रुतणाऱ्या वाळूत ती जीव देते. पाहुण्याने तो हिरा अफूच्या अंमलाखाली, नकळत उचललेला असतो. तो आपल्याजवळ ठेवून घेणारा निघतो धर्मादाय संस्थांत मिरवणारा एक सभ्य गृहस्थ. दुसऱ्याच्या विश्वस्त निधीत त्याने आधीच हात मारलेला असतो.

हे नुसते लेखकाच्या डोक्यातले नव्हे. १८६० साली इंग्लंडातल्या रोड गावी एका मोठ्या घरातले लहान मूल मारले गेले. घरातल्या दाईला अटक झाली. व्हिचर नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने हरवलेल्या झग्यावरून घरच्याच मुलीवर, कॉन्स्टन्स केंटवर संशय घेतला, तर लोकांनी त्यालाच झोडपले. १८६५ साली त्याच मुलीने गुन्हा कबूल केला. कॉलिन्सच्या झग्याचे मूळ या खटल्यात आहे असे मानतात.

रोझॅना मेली त्या रविवारी कोणी काही बोलेना. मग धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एक मावशी बोलल्या. एरवी त्या मागे बसून नुसत्या ऐकतात. म्हणाल्या, "माझ्यावर पण आला होता आळ. बाईंची अंगठी सापडेना. माझी पिशवी उलटी केली, पदर झटकायला लावला. दोन दिवसांनी अंगठी त्यांच्याच साबणाच्या डबीत निघाली. तोवर सगळ्या गल्लीत माझं नाव झालं होतं. मी घरी कोणाला सांगितलं नाही. पोरांना काय वाटलं असतं?" त्यांची थोरली लेक तिथेच बसली होती. ती उठली आणि आईजवळ जाऊन बसली.

त्या दिवशी कादंबरी बाजूला राहिली आणि खरा अभ्यासवर्ग भरला. बहिणींनो, तिथे जे बोलणे झाले ते तुम्हीही ध्यानात ठेवा. घरमालकाला कामवालीची अंगझडती घेण्याचा अधिकार नाही. पोलिसांनाही स्त्रीची झडती घ्यायची तर ती स्त्रीनेच, अब्रू सांभाळून घ्यायची असते. अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. तिथे नोंदणी जरूर करा. आणि आळ आला तर गप्प राहू नका, त्याच दिवशी घरच्यांना आणि शेजारणीला सांगा. रोझॅना एकटी पडली म्हणून वाळूपर्यंत गेली.

पुढच्या रविवारी काकांनी स्वतःच विचारले, "पुढची कादंबरी कोणती?" मावशी आता मागे बसत नाहीत. तुमच्याही वस्तीत वाचणारे एक पोर असेलच. त्याला रविवारी ओट्यावर बसवा आणि आपल्या आया-बहिणींना पुढे बसवा.