सोडून गेलेल्यांना परत घ्यावे काय?

सभासद बंधू-भगिनींनो,

गेल्या महिन्यात गट कार्यालयाच्या ओसरीवर पाच-सहा सभासद मंडळी बसली होती. विषय निघाला तो आपल्या शेतकी खात्यातून दोन हंगामांपूर्वी खासगी कारखान्यात गेलेल्या तिघा शेतकी मदतनिसांचा. तिघांनीही परत कामावर घ्यावे म्हणून अर्ज दिले आहेत. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अडचणीच्या वेळी सोडून गेले, त्यांना आता कशाला दारात उभं करता?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो. कारण मी स्वतः हा कारखाना सोडून गेलेला आणि परत आलेला माणूस आहे. तेव्हा जे बोललो नाही ते आज लिहितो. मत माझे आहे, निर्णय अर्थातच संचालक मंडळाचा.

मी मूळचा वसईजवळच्या उमेळ्याचा. आमच्या भागात आज साखर कारखाना नाही, पण जुन्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरात वसईच्या बागायतीत केळीबरोबर उसाचीही नोंद आहे. कृषी पदविका घेऊन २००३ साली इथे शेतकी मदतनीस म्हणून लागलो. आठ हंगाम केले. २०११ साली वडील अंथरुणाला खिळले. रजा संपली, पगारही बेताचा, म्हणून राजीनामा दिला आणि गावी गेलो. अडीच महिने घरीच होतो. मग खते-औषधांच्या एका कंपनीत विक्रीचे काम मिळाले. पगार इथल्यापेक्षा बरा, फिरायला मोटारसायकल. पण दर महिन्याला अमुक इतका माल खपलाच पाहिजे, हा तगादा पाठीशी. शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहायचे आणि त्याच्या पिकाला नको असलेली बाटली त्याच्या गळ्यात मारायची, हे काही मला जमेना. इथे मी लागण किती झाली ते मोजत होतो, तिथे बाटल्या किती खपल्या ते मोजायचे. वडील गेल्यावर २०१४ साली इथे अर्ज केला.

परत आलो तो दिवस अजून आठवतो. टाइम ऑफिसात माझे नाव नव्याने लिहिले. पगार सुरुवातीच्या पायरीचा. माझ्याबरोबर लागलेला सहकारी आता माझा वरिष्ठ होता. मी नव्हतो त्या तीन हंगामांत माझ्या गटाच्या ऊसनोंदी आणि तोडणी कार्यक्रम त्यानेच सांभाळले होते. पहिल्याच फेरीत एका आजोबांनी विचारले, "काय साहेब, तिकडचं पाणी खारट लागलं व्हय?" हसलो, पण लागले ते लागलेच. तो सहकारी आजही माझा वरिष्ठ आहे. आणि तेच योग्य आहे, असे मी मनापासून म्हणतो.

आता मुद्द्याकडे येतो.

माणूस गेला म्हणजे तो वाईट, आणि राहिला म्हणजे चांगला, असा हिशेब सरळ नसतो. त्या वर्षी आपले पगार तीन महिने मागे पडले होते. वार्षिक अहवालात आपण ते वाचले आहे. ज्याच्या घरी दुसरे कमावते कोणी नाही, दुकानदार उधारी देत नाही, तो काय करील? तिघांपैकी दोघांनी हंगाम संपेपर्यंत काम केले, नोंदवह्या पुऱ्या केल्या, गटाचे दप्तर हातात देऊन गेले. तिसरा मात्र ऐन तोडणीत न सांगता गेला. त्याच्या गटातील सभासदांचा ऊस पंधरा-वीस दिवस तुऱ्यावर उभा राहिला. तिघांना एकाच तराजूत कसे तोलता येईल?

माणसे जातात आणि परत येतात, हे मोठ्या ठिकाणीही घडले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक होते. पुढे तिथून बाहेर पडले आणि १९३५ मध्ये त्याच कॉलेजात प्राचार्य म्हणून आले. अमेरिकेतील अॅपल कंपनीतून स्टीव्ह जॉब्स १९८५ मध्ये बाहेर पडले. १९९७ मध्ये परतले आणि बुडू पाहणारी कंपनी त्यांनी उभी केली. उलट उदाहरणही आहे. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचे नारायण मूर्ती २०११ मध्ये निवृत्त झाले, २०१३ मध्ये पुन्हा बोलावले गेले आणि २०१४ मध्ये परत बाहेर पडले. म्हणजे परत येणे हे काही रामबाण औषध नाही. माणूस का गेला, काय शिकून आला आणि आता त्याची गरज आहे का, हे पाहावे लागते.

मी बाहेरून काय आणले, असे कोणी विचारले तर सांगतो. बाटलीवरचा मजकूर कसा वाचायचा, एकाच औषधाला दोन नावे देऊन दोन दर कसे लावतात, हे मी तीन वर्षांत आतून पाहिले. आज माती परीक्षणाचा कागद पाहिल्याशिवाय कोणत्याही सभासदाला मी खताचे नाव सांगत नाही, याचे मूळ तिथे आहे. खासगी कारखान्यात गेलेले हे दोघेही तिथली तोडणीची शिस्त आणि मोबाइलवरची ऊसनोंद पाहून आले आहेत. त्याचा उपयोग आपण का करून घेऊ नये?

मात्र ज्यांनी थकलेल्या पगारात कळ काढली, त्यांच्यावर अन्याय होता कामा नये. हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न आहे. म्हणून माझी सूचना अशी. जागा रिकामी असेल तरच घ्यावे. ज्येष्ठता नव्याने धरावी, राहिलेल्यांच्या वर कोणालाही बसवू नये. जाताना ज्याने दप्तर चोख दिले त्याचाच अर्ज पाहावा, ऐन हंगामात न सांगता गेलेल्याचा नाही. आणि ही सवलत आयुष्यात एकदाच. याबरोबर कारखान्यानेही एक करावे. जो जातो त्याला जाण्याचे कारण विचारून लिहून ठेवावे. पाच जण एकच कारण सांगत असतील तर दोष जाणाऱ्यांचा नसतो.

कामगार बंधूंनाही दोन शब्द. सोडून जाण्याआधी हिशेब करा. मी २०११ साली घाईने फंडाबरोबर पेन्शनचीही रक्कम उचलली आणि आठ वर्षांची सेवा पुसून टाकली. तेव्हा स्कीम सर्टिफिकेट घेतले असते तर ती वर्षे पुढच्या नोकरीत धरली गेली असती. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, ती मला परत पहिल्यापासून मोजावी लागली. ग्रॅच्युइटीचेही तेच. वर्षाला पंधरा दिवसांचा, हंगामी कामगाराला हंगामामागे सात दिवसांचा पगार मिळतो, पण तो जाण्याच्या दिवशीच्या पगारावर. मध्ये खंड पडला की जुनी आठ वर्षे जुन्या पगारावर मिटली. पाचशे-हजार रुपये जास्त मिळतात म्हणून उडी मारणाऱ्याने हे आधी कागदावर मांडावे.

शेवटी एक गोष्ट सभासद बंधूंना, राग मानू नये. दोन वर्षांमागे शेजारच्या कारखान्याने टनाला थोडा जास्त दर जाहीर केला, तेव्हा आपल्यापैकी किती जणांच्या गाड्या तिकडच्या वजनकाट्यावर गेल्या, हे माझ्या नोंदवहीत आहे. कोणी गुऱ्हाळाला ऊस घातला, तेही ठाऊक आहे. पुढच्या वर्षी त्याच सभासदांची ऊसनोंद आम्ही घेतली. "मागच्या वर्षी कुठे होता?" असे कोणी दारात अडवून विचारले नाही. घरची अडचण होती हे आम्ही समजून घेतले. मग मदतनिसाची अडचण तेवढी खोटी कशी?

खोडव्याचे आपणा सर्वांस ठाऊक आहे. बियाणे नाही, नांगरट नाही, तरी बुडखे जमिनीलगत छाटले, नांग्या भरल्या, पाचट न जाळता सरीत दाबले आणि खत वेळेवर दिले तर खोडवा लागणीच्या जवळपास उतारा देतो. दुर्लक्ष केले तर नुसती पाने. पण ज्या बुडख्याला कीड लागली तो कोणी राखत नाही, उपटून टाकतो आणि तिथे नवी कांडी लावतो. संचालक मंडळापुढे अर्ज येतील तेव्हा एवढी पारख व्हावी, हीच विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी