खोक्यावरचे किलोमीटर

वॉकी-टॉकी घ्यायला गेलेला सुरक्षा एजन्सीचा मालक पहिल्यांदा विचारतो, "रेंज किती?" दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवतो. सपाट, मोकळ्या मैदानावरच्या दोन माणसांपुरता तो खराही असेल. आपला गार्ड मात्र दुसऱ्या तळघरात पंपाशेजारी उभा असतो. अर्ध्या वॅटचा घरगुती सेट टाकून पाच वॅटचा व्यावसायिक घेतला, तर शक्ती दहापट होते. पल्ला मोकळ्यावरही जेमतेम तिप्पट आणि इमारतींच्या दाटीत बहुधा दुप्पटही नाही. तळघरापर्यंत आवाज न्यायला रिपीटर लागतो. घरगुती सेटला ती सोय नसते.

खरा फरक तिसऱ्या पाळीत कळतो. गार्ड बदलतो, सेट तोच राहतो. आधी पट्ट्याची क्लिप मोडते, मग चार्जिंगच्या पट्ट्या वाकतात, शेवटी बोलायचे बटण आत जाऊन बसते. सहलीसाठी बनवलेल्या वस्तूकडून चोवीस तासांची चाकरी मागितली की हे व्हायचेच. व्यावसायिक सेटची बॅटरी गेटवरच्या चार्जरमधून काढून मिनिटात बदलता येते आणि क्लिप सुटी मिळते.

दुसरी गोष्ट कानांची. 'प्रायव्हसी कोड' लावला की इतरांची बडबड आपल्याला ऐकू येत नाही, एवढेच. आपले बोलणे त्या चॅनेलवरच्या कुणालाही ऐकू जाते. "बाराशे दोनचे साहेब गावाला गेलेत, पार्सल खालीच ठेव," हे शेजारच्या सोसायटीत पोराच्या हातातल्या सेटवरही वाजते. हे टाळायचे तर एन्क्रिप्शन असलेला डिजिटल सेट पाहावा.

परवान्याचे म्हणाल, तर 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरच्या कमी शक्तीच्या सेटना 2018 च्या नियमांनी सूट आहे. त्यापलीकडे व्यवसायासाठी फ्रिक्वेन्सी मंजूर करून घ्यावी लागते. ऑनलाइन मिळणारे स्वस्त, वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे सेट दोन्हींत बसत नाहीत. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवरून ई-व्यापार कंपन्यांना नोटिसा काढल्या. तरी आपल्यातले काही तेच घेऊन कंत्राट स्वस्तात भरतात. पकडला गेलाच तर सेट हातात असलेला गार्डच आधी सापडेल, मालक नव्हे.

निविदेत नुसते 'वॉकी पुरवू' लिहिणाऱ्यांनी यापुढे फ्रिक्वेन्सी, ईटीए (उपकरणाच्या मंजुरीचा) क्रमांक आणि जादा बॅटऱ्या किती, तेही लिहावे. आणि मोडक्या क्लिपचे पैसे गार्डच्या पगारातून कापणे बंद करावे.