१५ रिकाम्या फेऱ्या

या वीकेंडला घरी, नशिराबादला आलोय. सकाळी चहा होतोय न होतोय तोच फॅमिली ग्रुपवर ती २०२१ ची बातमी पुन्हा फिरत आली. बेझोसचं रॉकेट बनवणाऱ्या टीममधली कल्याणची मराठी मुलगी! काका लगेच म्हणाले, "पाह्य! आन् तू काय करून राह्यला?"

"टेस्टिंग, काका."

"म्हंजे दुसऱ्यानं केलेलं तपासत बसतो?"

हो, तेच करतो. म्हणून तर आज लिहायला बसलो.

संजल गावंडे यांचं कौतुक मलाही आहेच. मुंबई विद्यापीठातून मेकॅनिकल, मग मिशिगन टेकमधून मास्टर्स आणि पुढे ब्लू ओरिजिन. पण मंडळी, आपण कौतुक नक्की कशाचं करतो? गावाचं, आडनावाचं आणि बेझोसचं. २० जुलै २०२१ ला बेझोस त्या न्यू शेपर्डमध्ये बसला, त्याआधी ते १५ वेळा माणसाशिवाय उडालं होतं. हे ग्रुपवर कुणी फॉरवर्ड करत नाही.

एप्रिल २०१५ च्या पहिल्याच उड्डाणात कॅप्सूल नीट उतरली, पण हायड्रॉलिक्सने दगा दिला आणि बूस्टर आपटला. २०१७ मध्ये सीटवर एक पुतळा बसवून पाठवला, नाव काय तर 'मॅनिकिन स्कायवॉकर'! (टेस्टिंगवाल्यांनाही विनोद कळतो बरं का.) आणि माझी सगळ्यात आवडती टेस्ट ५ ऑक्टोबर २०१६ ची. रॉकेट चांगलं चाललेलं असताना मुद्दाम सुटकेची मोटर पेटवली आणि कॅप्सूल वेगळी केली. बूस्टर यात जाणार हे गृहीतच धरलं होतं. तो पठ्ठ्या चक्क परत येऊन उभा राहिला, ते सोडा. पण चालू रॉकेट घालवायची तयारी ठेवून टेस्ट करायची... आमच्या मॅनेजरला हे सांगितलं तर चक्कर येईल.

उलट उदाहरणही आहे. व्हर्जिन गॅलॅक्टिकसाठी बनलेलं एंटरप्राइझ ३१ ऑक्टोबर २०१४ ला चाचणीतच तुटलं. सहवैमानिक मायकेल अल्सबरीने शेपटीचं लॉक वेळेआधी उघडलं, त्यात तो गेला. चूक त्याची, म्हणून फाईल बंद? नाही. अमेरिकेच्या चौकशीत ठपका आला तो एका माणसाच्या एका चुकीने यान तुटू शकतं याचा विचारच न करणाऱ्या कंपनीवर. आपल्याकडे अशा बगवर 'युजर एरर' लिहून क्लोज करतात.

श्रीमंतांची खेळणी आहेत ही, मान्य. दहा मिनिटांच्या मजेसाठी एवढा पैसा मलाही पटत नाही. पण त्या खेळण्याला १५ रिकाम्या फेऱ्या मिळतात, आणि ज्यावर हजारो लोकांचे पगार निघतात त्या आमच्या सॉफ्टवेअरसाठी मी दोन आठवडे मागितले तर मिळाले तीन दिवस. वर "टेस्टिंग काय, नंतरही करता येईल"! नंतर म्हणजे कधी, लोकांचे फोन यायला लागल्यावर?

काकांना शेवटी १२ सप्टेंबर २०२२ ची गोष्ट सांगितली. वर जाताना इंजिनाचं नोझल निकामी झालं, बूस्टर गेला, पण कॅप्सूल सुटून पॅराशूटने खाली आली. तीच २०१६ ला तपासलेली सुटका. आत माणसं नव्हती, नुसते प्रयोग होते.

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आन् मानसं असती तं?"

"वाचली असती, काका."

"मंग हे टाक नं ग्रुपवर!"

टाकलंय. अजून एकही लाईक नाही.