शेवटच्या युनिटचा दर बिलावर छापा
नाशिकच्या घरगुती वीजग्राहकांचे मागणीपत्र

प्रति,
मुख्य अभियंता, वीज वितरण कंपनी, नाशिक परिमंडळ
प्रत : शहरातील घरगुती उपकरणांचे विक्रेते

महोदय,

बिल फुगले की घरात पहिली बोलणी बसतात ती पंख्यावरून. साधा छताचा पंखा 75 वॅटचा. दहा तास फिरला तर पाऊण युनिट. खरा खप कुठे होतो, हे मात्र कोणी शोधत नाही, कारण शोधायचे कसे हेच ठाऊक नसते.

आमच्या एका सभासदाने एका रविवारी फ्रिजचा प्लग काढला, दिवे-पंखे बंद केले आणि जिन्याखालच्या मीटरपेटीपुढे मोबाइलचे घड्याळ लावून तो उभा राहिला. त्याच्या मीटरचा लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट होते. दिवा दर 45 सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. म्हणजे तासाला 80 वेळा, म्हणजेच 25 वॅट. महिन्याला 18 युनिटे, तीही ‘सगळे बंद’ असताना! सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि इन्व्हर्टर प्लगमध्ये तसेच होते. ही युक्ती कोणालाही जमेल. पण मीटरवरचा तो आकडा बारीक इंग्रजी अक्षरांत असतो आणि मीटरगणिक बदलतो. मीटरपेटीवर तो ठळक मराठीत, मोजण्याच्या रीतीसह लावावा, ही पहिली मागणी.

वॅट गुणिले तास, भागिले हजार हे शाळेतले गणित दिव्याला चालते, फ्रिजला चालत नाही. त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर चालू-बंद होत राहतो. गिझरचेही तेच. 2000 वॅटचा गिझर तासभर चालू राहिला म्हणून 2 युनिटे जळत नाहीत. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला अर्धे युनिट पुरते. पुढे थर्मोस्टॅट वीज तोडतो. नाशिकच्या थंडीत नळाचे पाणी आणखी गार, म्हणून खप थोडा वाढतो. म्हणून प्रत्येक उपविभागीय कार्यालयात प्लगला जोडायची काही वीजमापके ठेवावीत आणि अनामत घेऊन ती ग्राहकाला आठवडाभर वापरायला द्यावीत. जुना फ्रिज ठेवायचा की काढायचा, हा वाद त्यावर सुटेल.

आता पैशांचे. बहुतेक जण एकूण बिलाला युनिटांनी भागून दर काढतात. तो दर बचतीच्या हिशेबाला निरुपयोगी आहे. एक युनिट कमी वापरले तरी स्थिर आकार तेवढाच राहतो. वाचते ते सर्वांत वरच्या टप्प्यातले युनिट. 100, 300 आणि 500 या युनिटांच्या टप्प्यांवर दर चढतो. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. (100 ओलांडले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, हा समज आमच्या सभासदांतही पक्का होता. तो चुकीचा आहे; वरच्या युनिटांनाच लागतो.) म्हणून प्रत्येक बिलावर ‘आपल्या शेवटच्या युनिटचा सर्व आकारांसह दर’ अशी एक ओळ छापावी. आमची मुख्य मागणी हीच. ती ओळ असली की वरच्या 18 युनिटांचे रुपये कोणतीही गृहिणी तोंडी सांगेल.

विक्रेत्यांना विनंती एवढीच. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकन लेबलवर फ्रिज, एसी यांचा वर्षाचा खप युनिटांत छापलेला असतो. पण दुकानात तारे मोठे दिसतात आणि आकडा कोपऱ्यात राहतो. किमतीच्या चिठ्ठीवर तो आकडा ठळक लिहा. एसीचा आकडा वर्षाला 1600 तास वापर धरून काढलेला असतो, हेही सांगा. नाशिकमध्ये अनेक घरांत एसी तेवढा चालत नाही. ग्राहकाला महागडा पाच ताऱ्यांचा एसी गळ्यात मारण्याआधी त्याला तास विचारा.

एक अट मात्र आधीच नोंदवतो. उपकरणांचे असे अंदाज ग्राहकाच्या माहितीसाठी आहेत. त्यांच्या आधारे सरासरी बिल लावू नये. आकारणी मीटरच्या रीडिंगवरच व्हावी.

दरओळीचा नमुना आम्ही स्वतः तयार करून देऊ. त्यासाठी आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी.

आपले,
घरगुती वीजग्राहक सभासद, नाशिक