फुकटचा पहारा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ला नियमित सुरक्षा अपडेट देणे थांबवले. दुसऱ्या दिवशी सरकारी कार्यालयांतले, पतसंस्थांतले, डीटीपीच्या दुकानांतले संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणाला वाटलेही नाही. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. धडधाकट असलेली असंख्य यंत्रे या अटीत नापास होतात. संस्थांना मुदतवाढ हवी असेल तर पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट आणि तीही तीनच वर्षे. साहजिकच लिनक्सचे नाव पुढे येते. ती प्रणाली फुकट आहे आणि तिला व्हायरस लागत नाही, असे सांगितले जाते. पहिले विधान परवान्यापुरते खरे आहे. दुसरे तपासून घ्यायला हवे.

बंदिस्त प्रणालीत दोष शोधण्याची आणि बुजवण्याची जबाबदारी एकाच कंपनीची असते. कोड बाहेरच्यांना दिसत नाही, पण म्हणून दोष लपून राहतात असे नाही. विंडोजमधली एक खिंड अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीला काही वर्षे ठाऊक होती. तिने ती कंपनीला न कळवता स्वतःसाठी राखून ठेवली. पुढे या खिंडीवर बेतलेले हत्यार चोरीला गेले. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये पॅच दिला, तरी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक ओलीस धरले. ब्रिटनची सरकारी रुग्णालये ठप्प झाली. आधार संपलेल्या ‘एक्सपी’साठीचा पॅच सर्वांना खुला झाला तो हल्ल्यानंतर. जूनमध्ये त्याच खिंडीचा वापर करणारे ‘नॉटपेट्या’ आले, मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली आणि न्हावा शेवा बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम थांबले. कंपनीने औषध दिले होते, अनेकांनी ते घेतले नव्हते. ज्यांच्या प्रणालीची मुदत संपली होती, त्यांना ते वेळेत मिळालेच नाही.

लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचे समर्थक इथे म्हणतात, आमचा कोड कोणीही वाचू शकतो, त्यामुळे दोष लपत नाहीत. इतिहास इतका सरळ नाही. इंटरनेटवरील व्यवहारांची गुपिते सांभाळणाऱ्या ‘ओपनएसएसएल’मधला ‘हार्टब्लीड’ हा दोष दोन वर्षे सगळ्यांसमोर होता. एप्रिल २०१४ पर्यंत तो जगजाहीर झाला नव्हता. अब्जावधींची उलाढाल ज्यावर चालत होती त्या कोडकडे पूर्णवेळ लक्ष देणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. ‘बॅश’मधला ‘शेलशॉक’ तर १९८९ पासून पडून होता. वाचण्याचा हक्क सर्वांना होता, वाचले मात्र कोणी नाही.

२०२४ चे ‘एक्सझेड’ प्रकरण याहून बोलके. फायली दाबून लहान करणारे हे छोटे साधन बहुतेक लिनक्स प्रणालींत असते आणि ते वर्षानुवर्षे एक स्वयंसेवक जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोनहून अधिक वर्षे मदत करत त्याचा विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि मग चाचणीसाठीच्या फायलींत चोरदार दडवले. ते सापडले कसे? अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन होताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे खटकले. मुळापर्यंत जाऊन २९ मार्च रोजी त्याने ते जाहीर केले. फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टचा पगारदार होता, हा योगायोग गमतीचा. पण कोड खुला नसता तर बाहेरच्या माणसाला इतक्या खोलवर जाणे फार अवघड होते. चोरदार स्थिर आवृत्त्यांत पसरण्याआधीच बाहेर फेकले गेले. मुक्त प्रणालीचे बळ आणि तिची दुर्बलता ही दोन्ही या एका घटनेत दिसतात.

टेबलावरच्या संगणकापुरते बोलायचे तर लिनक्सची बाजू काही बाबतींत भक्कम आहे. सॉफ्टवेअर स्वाक्षरी तपासलेल्या एकाच भांडारातून येते, मिळेल त्या संकेतस्थळावरून उतरवावे लागत नाही. परवाना फुकट असल्याने चोरीच्या प्रतीची गरज उरत नाही. आपल्याकडे हा मुद्दा मोठा आहे; पायरेटेड विंडोज चालू करण्यासाठी वापरले जाणारे ‘ॲक्टिव्हेटर’ अनेकदा स्वतःच व्हायरस घेऊन येतात. मात्र डेस्कटॉपवर लिनक्सवाले कमी असल्याने चोरांचे लक्षही तिकडे कमी जाते. वापर वाढला की हा आडोसा जाईल. शिवाय मुदत मुक्त प्रणालीलाही असते. ‘उबुंटू’ या लिनक्स प्रणालीच्या २०.०४ आवृत्तीचा नियमित आधार मे २०२५ मध्ये संपला. विंडोज काढून लिनक्स टाकले आणि मग पाच वर्षे कोणी फिरकलेच नाही, तर धोका आहे तिथेच राहील.

केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार सरकारी खरेदीत मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करावा लागतो, ते नाकारायचे असेल तर कारण द्यावे लागते. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली २००७ पासून आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारलेली ‘माया’ स्वीकारली. केरळने शाळांत मुक्त प्रणाली रुजवली, कारण तिथे शिक्षकांना प्रशिक्षण आणि प्रणाली सांभाळणारी सरकारी यंत्रणा दोन्ही उभी केली. इतरत्र घोडे पेंड खाते ते डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलला चालक सॉफ्टवेअर न मिळण्यावर, जुन्या मराठी फाँटमधल्या फायलींवर आणि ठराविक प्रणालीवरच चालणाऱ्या सरकारी संकेतस्थळांवर. हे अडथळे सरकारी निविदांतूनच तयार झाले आहेत, म्हणून ते निविदांतूनच दूर करता येतील.

राज्य सरकारने म्हणून तीन गोष्टी कराव्यात. आपल्या प्रत्येक कार्यालयातील संगणकांची, त्यावरील प्रणालीची आणि तिचा आधार संपण्याच्या तारखेची यादी तयार करावी. एकाच कंपनीच्या प्रणालीवर चालणारी कोणतीही नवी नागरी सेवा स्वीकारू नये. आणि जुनी यंत्रे मुक्त प्रणालीवर न्यावीत. पण परवान्यांवर वाचणाऱ्या पैशाचा ठरलेला हिस्सा प्रशिक्षण, अपडेट आणि ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर आपण विसंबतो ते सांभाळणाऱ्यांच्या वेतनासाठी द्यावा. कोड पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क बंदिस्त प्रणालीत विकतही मिळत नाही, म्हणून आमचा कौल मुक्त प्रणालीला आहे. तो हक्क बजावायला माणसे लागतात आणि माणसांना पगार लागतो. अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र तरतूद होणार नसेल, तर सरकारने हे स्थलांतर हाती घेऊ नये.